तीन नावं घेईपर्यंत

"बाई, पोरं अजून तुमच्याकडंच हायत व्हय?" बानूबाईंनी फोनवर विचारलं तेव्हा दैवशाला ओट्याशी उभी राहून कोथिंबीर निवडत होती. त्या विचारण्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. बानूबाईंचा आवाज नेहमीसारखाच होता, भाकरी गार होतेय म्हणून नातवंडांवर कुरकुरणाऱ्या आजीचा. तरी दैवशालाचा हात जुडीवरच थांबला. रविवारची शाळा अकराला सुटली होती आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजत आला होता. "नाहीत हो इकडं, केव्हाच गेली," असं ती म्हणाली आणि पलीकडून बानूबाई "मग कुठं उलथली म्हणायची," असं पुटपुटल्या, इतकंच. फोन बंद झाला. हायवेवरून एक ट्रक हॉर्न दाबत सोलापूरच्या दिशेनं गेला, खिडकीची काच नेहमीसारखी थरथरली. बानूबाईंची नात एस्तेर आठ वर्षांची, तिचा भाऊ प्रेम सहाचा. त्यांचा बाप बिभीषण ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. पोरं कुठंही खेळत असतील. नळदुर्गात रविवारी दुपारी पोरांना खेळायला जागा काय कमी आहेत? ती स्वतःला हे सांगत होती आणि त्याच वेळी सकाळी एस्तेरनं विचारलेला प्रश्न, तिचे ते न मिटणारे डोळे आणि आपण दिलेलं उत्तर तिच्यासमोर येऊन उभं राहिलं होतं. कोथिंबिरीच्या काड्या तिनं तशाच ओट्यावर टाकल्या आणि चपला शोधू लागली.

गेली नऊ वर्षं ती ख्रिस्ती मंडळीच्या पत्र्याच्या प्रार्थनागृहात रविवारी लहान मुलांना शिकवत होती. सोमवार ते शनिवार ती अंगणवाडी सेविका. तिथं तीन ते सहा वर्षांची बावीस मुलं, सगळी आसपासच्या शेतकऱ्यांची. रविवारी सात, सगळी मंडळीतली. या दोन्हींच्या मध्ये तिनं मनात एक भिंत घातली होती आणि ती कुणाच्या सांगण्यावरून घातली नव्हती. अंगणवाडीत प्रार्थनेला मुलं हात जोडायची तेव्हा तीही जोडायची, पण ओठ हलवायची नाही. रविवारी शिकवलेल्या गाण्याची चाल चुकून गुणगुणली जाईल म्हणून खिचडी ढवळताना ती गप्प असायची. एकदा एका अधिकारी बाईंनी तपासणीच्या वेळी सहज विचारलं होतं, "तुमच्याकडं सण कुठले असतात हो?" आणि तेवढ्यानं तिला रात्रभर झोप लागली नव्हती. कुणी तिला कधी वाईट बोललं नव्हतं. पण मोबाइलवर काय काय फिरायचं, कुठल्या गावात कुणाच्या घरात प्रार्थना चालली होती, जमावानं दार कसं वाजवलं, मग काय झालं. ते व्हिडिओ ती पूर्ण बघायची नाही. सुरुवातीची दोन-तीन सेकंदं बघायची आणि बंद करायची. त्यामुळं तिच्या मनात त्या सगळ्या व्हिडिओंमधलं दार नुसतं वाजत राहिलेलं होतं.

पुढच्या महिन्यात चार मोठ्या माणसांचा बाप्तिस्मा होता. मंडळीच्या धर्मगुरूंनी, बसवराज पाळकांनी, तिला सांगितलं होतं, लेकरांना आधी नीट समजावून ठेवा, नाहीतर ऐन वेळी हसतात. म्हणून तिनं आठवडाभर तयारी केली. चिंध्यांची एक बाहुली शिवली, तिला चिखल फासला आणि आज सकाळी सतरंजीवर मधोमध पाण्याचं घमेलं ठेवून ती बाहुली मुलांसमोर बुडवली. यार्देन नदीचं सांगितलं, योहानाचं सांगितलं, कबुतराचं सांगितलं. बाहुली स्वच्छ होऊन वर आली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग एस्तेर म्हणाली, "खाली किती वेळ राहायचं असतं?" दैवशाला म्हणाली, "फार नाही. पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेईपर्यंत. तीन नावं झाली की वर." एस्तेरनं मान हलवली. तेवढ्यावर थांबली असती तर एस्तेर कसली. "बाई, तुम्हाला भीती वाटली होती का?" सात तोंडं वर वळली. प्रेमनं तर अंगठा तोंडात घातला. आणि दैवशाला म्हणाली, "नाही. अजिबात नाही. उलट एकदम हलकं वाटतं." असं म्हणताना ती हसली होती, आणि ते हसू आपल्या तोंडावर कसं दिसलं असेल तेही तिला आत्ता दिसत होतं.

खोटं होतं ते. ती अकरा वर्षांची असताना बोरी नदीच्या डोहात तिचा बाप्तिस्मा झाला. डिसेंबरची सकाळ, पाणी इतकं गार की पाय आपले राहिले नव्हते. काठावर अण्णा उभे होते, तिचे वडील, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की तिला मागं फिरता येईना. पाळकांचा मोठा हात तिच्या डोक्यावर आला, दुसरा पाठीवर, आणि आभाळ उलटं झालं. ठरलेलं होतं की नाक धरायचं. ती विसरली. पाणी नाकातून डोक्यात गेलं, कानात एक बंद दार ठोकल्यासारखा आवाज व्हायला लागला, आणि तिला ओरडायचं होतं पण तोंडात आवाजाच्या जागी नदी होती. त्या क्षणी तिला देव आठवला नाही. अण्णाही आठवले नाहीत. हा हात मला सोडणार नाही, एवढंच कळलं. वर आली तेव्हा सगळे गात होते आणि ती रडत होती, आणि अण्णा सगळ्यांना सांगत होते, बघा, लेकराला आत्म्यानं कसं भरून आलं. तिनं ते खोडून काढलं नाही. तीस वर्षं झाली. अण्णा गेले, तेही त्याच समजुतीत गेले. त्या दिवसाबद्दल कुणीही विचारलं की ती म्हणायची, हलकं वाटतं. बोलून बोलून तो शब्द गुळगुळीत झाला होता, आणि आज तो तिच्या हातून निसटून एका आठ वर्षांच्या पोरीच्या हातात गेला होता.

ती घरातून निघाली तेव्हा कुठं जायचं हे तिनं ठरवलं नव्हतं, पण पाय बरोबर तिकडंच निघाले. बानूबाईंचं घर वस्तीच्या शेवटी. त्याला लागून बागायतदार रणधीर यांचं रान, आणि रानाच्या कडेला त्यांचं घर. मोठं घर, दारात दोन ट्रॅक्टर. त्यांच्या द्राक्षबागेच्या मागं शेततळं होतं. काळं प्लास्टिक अंथरलेलं, चारी बाजूंनी उतरतं, भरलेलं. त्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या एका वस्तीवर दोन भाऊ असेच गेले. एक घसरला, दुसरा त्याला काढायला उतरला. अंगणवाडीच्या बैठकीत तेव्हा सगळ्या सेविकांना सांगितलं होतं, पालकांना समजावा, शेततळ्याला कुंपण घालायला लावा. तिनं समजावलं होतं. रणधीरनी तारेचं कुंपण घातलंही होतं आणि त्याला एका जागी खिंडार पडलं होतं, कुत्र्यांनी पाडलेलं. हे तिला माहीत होतं. आपल्याला किती गोष्टी माहीत असतात, असं तिच्या मनात आलं. रस्ता ओलांडताना एका टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक दाबला आणि काहीतरी बोलला. ती चालत राहिली. पळावं असं वाटत होतं, पण पळालं तर कुणीतरी विचारेल, बाई, काय झालं, आणि काय झालं हे तोंडातून बाहेर आलं की ते खरं होईल. म्हणून ती भरभर चालत होती, पोलिओच्या डोसाला घरोघर फिरताना चालते तशी. चालता चालता ती हिशेब करत होती, अकरा ते पाऊण, पावणेदोन तास, पावणेदोन तासांत काय काय होऊ शकतं. मग तिला त्या हिशेबाचीच किळस आली आणि तिनं प्रार्थना करायला सुरुवात केली. प्रार्थनेतही तिच्या तोंडी तीच तीन नावं आली आणि ती मध्येच थांबली.

खिंडारातून आत शिरताना तिच्या साडीचा काठ तारेत अडकला. तो सोडवत ती मुद्दाम वेळ लावत होती, हे तिचं तिलाच कळत होतं. वर बांधावर चढल्याशिवाय पाणी दिसत नव्हतं. बांध दहा पावलांचा असेल. त्या दहा पावलांत तिनं एस्तेरला पांढऱ्या कापडात पाहिलं, बिभीषणला कुठल्याशा धाब्यावर फोन उचलताना पाहिलं, आणि बसवराज पाळकांना मंडळीसमोर खाली मान घालून उभं पाहिलं. वर पोचल्यावर तिनं डोळे मिटले. मग उघडले. पाणी हिरवट, सपाट होतं. त्यावर एक प्लास्टिकची बाटली तरंगत होती, वारा नव्हता म्हणून जागच्या जागी. तिनं चारी कडा पाहिल्या, दोनदा पाहिल्या. काही नव्हतं. पण काही न दिसणं म्हणजे काही नसणं नव्हे, हे कळायला तिला एक क्षण लागला. ती बांधावर बसली. त्याच वेळी बागेच्या पलीकडून, बोअरच्या खोलीकडून, तिला एक लहान आवाज ऐकू आला. एका सुरात, पाठ म्हटल्यासारखा.

तिथं जनावरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद होता. लांबट, मोठ्या माणसाच्या मांडीपर्यंत येईल एवढा. हौदात एस्तेर उभी होती. प्रेम बाहेर, हौदाच्या कडेला हनुवटी टेकून. आणि एस्तेरच्या दोन्ही हातांखाली पाण्यात तिसरं कुणीतरी होतं. दैवशालाला फक्त दोन लहान पाय दिसले, पाणी उडवणारे. एस्तेर सावकाश, एकेक शब्द नीट लावून म्हणत होती, "पित्याच्या," आणि श्वास घेत होती, "पुत्राच्या," आणि पुन्हा श्वास घेत होती. ती घाई करत नव्हती, कारण शिकवलेलं सगळं तिला नीट करायचं होतं. दैवशालानं ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. पळाली. द्राक्षाच्या वेलांखालून वाकून पळताना एक तार तिच्या कपाळाला लागली, तिची खूण नंतर आरशात दिसली. ती हौदाशी पोचली तेव्हा पाय उडायचे कमी झाले होते. तिनं एस्तेरला बाजूला ढकललं, पाण्यात हात घातला आणि पोरीला काखेत धरून बाहेर ओढलं. पोर खोकली, ओकली, निळ्या पडलेल्या ओठांनी एक मोठा श्वास आत घेतला आणि मग रडायला लागली. त्या रडण्यासारखं गोड दैवशालानं आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. तो गोडवा फार तर दोन श्वास टिकला. मग तिनं पोरीच्या तोंडावरचे केस बाजूला केले. ती हर्षाली होती. रणधीर यांची पाच वर्षांची मुलगी, तिच्याच अंगणवाडीच्या हजेरीपटावरची.

पुढं कित्येक दिवस दैवशालाला जे आठवून लाज वाटत राहिली ते हे, की पोरीची पाठ चोळायच्या आधी तिनं मान वळवून चारी दिशांना पाहिलं होतं. कुणी बघत नाही ना. बागेत गडी नव्हता, रविवार होता. घराची मागची खिडकी बंद होती. हे सगळं बघून झाल्यावर मग तिचा हात हर्षालीच्या पाठीवर गेला. आधीची भीती, शेततळ्याच्या बांधावरची, निदान स्वच्छ होती. ही वेगळी होती. हिच्यात लोक होते, मोबाइल होते, वाजणारं दार होतं. तिच्या डोळ्यांसमोर वाक्य तयार होऊन आलं, कुणीतरी आधीच लिहून ठेवल्यासारखं, की अंगणवाडी सेविकेनं शेतकऱ्याच्या मुलीचा बाप्तिस्मा केला. त्यात खेळ हा शब्द कुठंच बसत नव्हता.

तिनं एस्तेरच्या थोबाडीत मारली. नऊ वर्षांत तिनं एकाही लेकरावर हात उचलला नव्हता. एस्तेर रडली नाही. गालावर हात ठेवून तिनं विचारलं, "माझं काय चुकलं?"

"ती बुडत होती, एस्तेर. पाय झाडत होती ती. तुला कळलं नाही?"

"कळलं ना. भ्यायली होती. पण तुम्ही म्हणालात भीती वाटत नाही, म्हणून मी घट्ट धरलं. थोडा वेळ धरलं की जाईल म्हणून."

प्रेम म्हणाला, "आधी मी झालो. मग ताई झाली. मग हर्षाली म्हणाली, मला पण."

दैवशाला तिथं ओल्या जमिनीवर उकिडवी बसली. हर्षाली तिच्या पदरात थरथरत होती. खरं सांगायचं तर ते आत्ताच सांगायला हवं होतं, आणि तिनं सांगितलं. म्हणाली, "मी खोटं बोलले. मला खूप भीती वाटली होती. मी रडले होते." एस्तेर तिच्याकडं बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. नवीन काहीतरी होतं, मोठी माणसं एकमेकांकडं बघतात तसलं. मग हौदाच्या कडेवरून आपली ओढणी घेऊन एस्तेरनं ती प्रेमच्या डोक्याला गुंडाळली आणि भावाला धरून ती घराकडं निघून गेली. त्यानंतरच्या कुठल्याच रविवारी एस्तेरनं तिला काही विचारलं नाही.

हर्षालीचे कपडे वाळवून, केस पुसून, घरी काही सांगू नको म्हणून तिला अंगणात सोडून देता आलं असतं. दैवशालानं तो विचार केला. चांगला दोन-तीन मिनिटं केला. हर्षालीनंच तोंड वर करून विचारलं, "बाई, मी आईला सांगू नको का?" म्हणजे दैवशालाच्या तोंडावर ते दिसत होतं. पण पोरीच्या छातीत श्वासाबरोबर बारीक घुर्र वाजत होतं. प्रशिक्षणात सांगितलेलं तिला आठवलं, नाकातोंडात पाणी गेलेल्या मुलावर एक दिवस-रात्र नजर ठेवायची, झोपेत श्वास वाढतो का बघायचं, वाटलं तर लगेच दवाखान्यात न्यायचं. नजर आईच ठेवणार. आणि आईला माहीत नसेल तर ती कशाची ठेवणार? तिनं हर्षालीला कडेवर घेतलं. हौदापासून घराच्या दारापर्यंत शंभर पावलंही नव्हती, आणि त्यातल्या प्रत्येक पावलाला तिला परत फिरावंसं वाटलं.

दारात हर्षालीची आई शिवकन्या भेटली आणि आत सोप्यात तिची सासू द्वारकाबाई तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. रणधीर सोलापूरला गेले होते, एवढं नशीब. शिवकन्यानं ओलं लेकरू बघितलं आणि काही न विचारता ओढून घेतलं. तिचे हात पोरीच्या अंगभर फिरू लागले, कान, नाक, डोक्याची मागची बाजू. दैवशाला उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून बोलली. हौदात उतरली होती, नाकातोंडात पाणी गेलंय, आज रात्री लक्ष ठेवा, आधी डॉक्टरांना छाती दाखवून घ्या. तिला इथं थांबता आलं असतं. द्वारकाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"एकटी उतरली?"

"नाही. आमच्या मंडळीतली दोन लेकरं होती. बानूबाईंची नातवंडं."

"काय खेळत व्हती?"

दैवशालाच्या जिभेवर चार खेळांची नावं येऊन गेली. "बाप्तिस्म्याचा खेळ," ती म्हणाली. "आमच्यात असतं ते. देवाचं नाव घेऊन पाण्यात बुडवतात. मी सकाळी शिकवलं होतं, आमच्या लेकरांना. हर्षाली मागून त्यांच्यात गेली."

सोप्यात पंखा फिरत होता. शिवकन्याचे हात थांबले. द्वारकाबाई अगदी साध्या आवाजात, दळणाचं विचारावं तसं म्हणाल्या, "म्हंजे आमची पोर आता तुमच्यात गेली का?"

"नाही, नाही. लेकरांचा खेळ होता तो. असं होत नसतं." हे ती मनापासून म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या आत काहीतरी सरकलं. पाणी होतं. नावं घेतली होती, तिन्ही नसतील, दोन तर नक्की. हर्षाली स्वतः म्हणाली होती, मला पण. कशानं होतं आणि कशानं होत नाही हे तिला नेमकं कुठं ठाऊक होतं? आपलं स्वतःचं तरी त्या दिवशी डोहात झालं होतं का, नुसत्या भीतीत? हा प्रश्न तिनं तीस वर्षांत कधी स्वतःला विचारू दिला नव्हता. तो इथं, परक्या दारात, तिच्यासमोर आला.

"तुमच्या बोलण्यावर इश्वास ठेवते," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण ह्ये रणधीरला कळाय नगं. त्याचं डोकं लई गरम. आन त्याच्या भवतीची माणसं त्याच्याहून गरम. पाय घसरून हौदात पडली, तुमी वाटनं चालला व्हता, तुमी काढली. एवढंच झालं. काय गं शिवकन्या?" शिवकन्यानं मान हलवली. ती पोरीला छातीशी धरून तिचा श्वास ऐकत होती. मग द्वारकाबाईंनी नातीला जवळ घेतलं आणि दैवशालाला म्हणाल्या, "जावा तुमी. पोरीला काय सांगायचं ते मी सांगते."

संध्याकाळी तिचा नवरा उत्तरेश्वर एसटीच्या ड्युटीवरून आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बूट काढता काढता थांबून विचारलं, "तू सांगायला गेलीस कशाला?" तिनं छातीतल्या घुर्रचं सांगितलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे. पण खेळाचं नाव कशाला सांगितलंस?" तो चिडला नव्हता, घाबरला होता. त्यानं दाराची कडी लावली, मग उजेडातच कडी लावलेली लोकांना दिसेल म्हणून पुन्हा काढली. पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडाला कुणी कडी लावू शकतं का, एवढाच विचार दोघंही करत होती.

सोमवारी ती अंगणवाडीत अर्धा तास आधीच गेली. मदतनीस सीताबाई झाडलोट करत होत्या. मुलं एकेक येऊ लागली आणि दैवशाला दारातल्या प्रत्येक आईचा चेहरा वाचू लागली. कुणीतरी तिच्याकडं न बघता मूल सोडून गेलं, आणि ती त्या पाठमोऱ्या बाईकडं वळणापर्यंत बघत राहिली. दहा वाजता बाहेर मोटारसायकल थांबली. हर्षालीला सोडायला आज आजी आली नव्हती, आई नव्हती. रणधीर स्वतः आले होते. ते कधीच यायचे नाहीत. उंच, पांढऱ्या कपड्यातला माणूस, दारात वाकून आत आला, आणि दैवशाला उभी राहिली तेव्हा तिच्या मांडीवरचा खडूचा डबा खाली पडला.

"बाई," रणधीर म्हणाले, "पोरगी बरी आहे. डॉक्टरनं छाती बघितली, काही नाही म्हणाला. आईनं मला सगळं सांगितलं."

तिला वाटलं, आता.

"तुम्ही नसता तर काय झालं असतं, विचार करवत नाही." आणि त्यांनी तिच्यासमोर हात जोडले. त्या क्षणी सगळं सांगून टाकायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण सांगितलं की द्वारकाबाई खोट्या पडणार होत्या, शिवकन्या त्या घरात खोटी पडणार होती, आणि मग रणधीर आधी कुणाकडं वळतील? बानूबाईंच्या दाराकडं. ती म्हणाली, "माझं कामच आहे ते." रणधीरनी मोबाइल काढून हर्षालीला तिच्या शेजारी उभं केलं आणि फोटो काढला. ग्रुपवर टाकतो म्हणाले, लोकांना कळू दे आपल्या बाई कशा आहेत ते. हर्षाली फोटोत सरळ उभी राहिली, हात अंगाला चिकटवून. एरवी ती फोटो म्हटलं की बाईचा पदर धरायची.

दुपारपर्यंत दैवशालाचा फोन टुणटुण वाजत राहिला. हात जोडलेल्या चित्रांच्या ओळीच्या ओळी आल्या. प्रत्येक आवाजाला ती फोन उचलून बघत होती, यातलाच एखादा वेगळा असेल म्हणून. एक वाजता मुलं जेवायला बसली. सीताबाई रिकामी घागर घेऊन नळावर गेल्या होत्या, म्हणून दैवशालाच वाढत होती. हर्षालीनं ताट पुढं केलं, खिचडी घेतली, भुकेलेल्या लेकरासारखी भराभर खाल्ली, पुन्हा मागितली. दैवशालाला जरा बरं वाटलं. मग खाता खाता हर्षालीला ठसका लागला. खोकून खोकून तिचं तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं. दैवशालानं पटकन पिंपातून पेला भरला आणि तिच्यापुढं धरला.

हर्षालीनं पेल्याकडं बघितलं. मग बाईच्या हाताकडं बघितलं. दोन्ही हात तिनं पाठीमागं नेले आणि खोकत राहिली.

"घे बाळा. पी."

हर्षालीनं मान हलवली. ठसक्यातून कसाबसा श्वास घेत ती हळूच म्हणाली, शेजारच्या पोरांना ऐकू जाऊ नये अशी, "आजी म्हणाली, बाईच्या हातचं पाणी घ्यायचं न्हाय. आन ह्ये कुणाला सांगायचं पण न्हाय."

तिच्या आवाजात तिरस्कार नव्हता. त्यात फक्त भीती होती, एका दिवसात नीट शिकवलेली. दैवशालानं पेला तिच्या ताटाशेजारी फरशीवर ठेवला. हात काढून घेतला. मग ती उठली, चार पावलं मागं गेली आणि भिंतीवरच्या फळांच्या तक्त्याकडं तोंड करून उभी राहिली. तिच्या पाठीमागं बरंच खोकणं झालं. मग पेला फरशीवर किंचित घासल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर घोटामागून घोट. पेला रिकामा होऊन खाली ठेवला जाईपर्यंत दैवशालानं मान वळवली नाही.